भुताचं स्थळ

आमच्या शेजारच्या सुमनअक्कांनी एकदा एका भुताची चौकशी करायला जामनेरला फोन लावला होता.

भूत माझं होतं. म्हणजे माझ्या कादंबरीतलं. मी इंग्रजीत एक प्रेमकथा लिहीत होते. जामनेर रोडवरच्या बंद जिनिंगमधलं, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातलं, एक तरुण भूत आणि त्याच्या प्रेमात पडलेली मीरा. मीरा कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, मिक्सर लागला की घराबाहेर जाते, कापसाच्या जातींवर मात्र न थांबता बोलू शकते. तिला ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. (तिला. माझ्याबद्दल विचारू नका.)

अक्का मूळच्या शिंदखेड्याच्या. धुळे-जळगावातली निम्मी लग्नं आपणच जुळवली, असं त्या स्वतःच सांगतात. त्यांच्या लेखी जगात माणसं नसतात, स्थळं असतात. गॅसवाला आला तरी आधी "कोणत्या गावचा रे भाऊ?" आणि मग सिलिंडर.

उन्हाळ्यात त्या गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत घालतात आणि कावळे हाकलायला मला बसवतात. एकदा त्यांनी विचारलं, "त्या लॅपटॉपमधी दिवसभर काय करस तू?" मला खोटं पटकन सुचत नाही. तेव्हापासून रोज एकेक प्रकरण मराठीत सांगणं आलं.

"पोऱ्या काय करस?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"अक्का, तो मेलेला आहे."

"ते ऐकलं मी. मरायच्या आधी?"

"जिनिंगमध्ये कामाला होता."

"आडनाव?"

मी घाबरून पाटील म्हणाले.

"खान्देशात पाटील म्हणजे काय पत्ता झाला का? इंग्रजी शाळेत हेच शिकवतात तुमले?"

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या हसत आल्या. जामनेरच्या मामेबहिणीकडून निरोप आला होता. "जिनिंगच्या मागे पाटलांची घरं आहेत. बठ्ठी माणसं जिवंत, एकबी मेलेला नही. तुझा पोऱ्या मीराशी खोटं बोलस."

मी भुताचं आडनाव काढूनच टाकलं.

"जास्त बोलस का तो?"

"नाही."

"दारू?"

"भुतांना पिता येत नाही, अक्का."

"मंग स्थळ वाईट नही."

शेवटचं प्रकरण मात्र अडलं होतं. प्रकाशकांनी कळवलं होतं, शेवटी मीरा 'मोकळी' झाली पाहिजे, तरच पुस्तक निघेल. मला ते पुस्तक फार हवं होतं. म्हणून मी तसं लिहिलं. भुताच्या प्रेमाने मीरा बदलते, चुलतबहिणीच्या वरातीत बॅन्डपुढे नाचते, सगळ्यांच्या गळ्यात पडते. ते मी अक्कांना सांगितलं.

बिबडी उलटता उलटता अक्का थांबल्या.

"ही कोण?"

"मीराच."

"ही मीरा नही. हिले कोणी शिकवलं हे?"

"प्रकाशकांना असंच हवंय. नाहीतर पुस्तक येणार नाही."

अक्का तिथेच सावलीत बसल्या.

"माले मायनं शिकवलं होतं. पाहुणे आले की हसायचं. ढोल वाजला तर कान झाकायचे नही, हसायचं. माले तो आवाज सहनच व्हयेना. तरी हसले. लग्न झालं, मंग सवयच पडी गई. आमचे घरधनी नाना गेले, त्यांनाबी मन्हं खरं तोंड कधी दिसलं नही."

अक्कांचा न हसणारा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. अशा वेळी लोक काहीतरी बोलतात. मला ते येत नाही. मी लॅपटॉप उघडला आणि ते प्रकरण पुसून टाकलं.

"मग शेवटी काय करू तिचं?"

"काही करू नको. बसू दे दोघांले."

म्हणून आता मीरा आणि भूत जिनिंगच्या पायरीवर बसतात. वरात समोरून निघून जाते. मीराने कान झाकलेले असतात आणि भूत तिला काही विचारत नाही. एवढंच.

प्रकाशकांनी ते घेतलं नाही. पुस्तक अजून लॅपटॉपमध्येच आहे. वाटलं होतं तेवढं वाईट मला वाटलं नाही, कारण अक्का ते प्रकरण पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नसतं, हसूसुद्धा नाही. इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकलेला नाही.