निळ्या खुर्चीतले मॅनेजर

सुदामकाकांच्या ओट्यावर कधी गेलात तर निळ्या खुर्चीत बसू नका, एवढं माझं ऐका. मी एकदा बसायला गेले होते. नीट टेकलेही नव्हते, तर काका आतून ओरडतच आले, "मॅडम, उठा उठा! तिथं माणूस हाय!"

मी दचकून मागं बघितलं. माणूस कुठला? खुर्चीवर एक रुमाल होता. एसटीत जागा धरायला टाकतो ना आपण, तसा घडी घालून ठेवलेला.

"कोण माणूस, काका?"

"मॅनेजर. तुमी लाल खुर्चीत बसा. ती इंजिनिअरची हाय, त्याला उठवलं तरी चालतंय."

आता हे इंजिनिअर कोण आणि मॅनेजर कोण? दोघंही सुदामकाकाच! काका आमच्या शेजारचे. गाव भोकरदनकडचं पिंपळगाव रेणुकाई, नोकरी इथं जालन्यात सळईच्या कारखान्यात. मशीन बंद पडली की काकांना बोलवायचं, अशी तिथली रीत. रिटायर व्हायला आले होते. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. बायकोला, आमच्या सुमनकाकूंना, वारून वर्षही झालं नव्हतं. अशा वेळी माणूस गावाकडं शेतात एखादी खोली बांधतो, नाहीतर हरिपाठाला बसतो. काकांनी काय करावं? संभाजीनगरच्या एका कॉलेजात नाव घातलं! तेही साधंसुधं नाही. इंजिनिअरिंग मॅनेजमेंट आणि एमबीए, दोन्ही एका दमात. दर रविवारी सकाळच्या एसटीनं जायचं, पोरापोरींच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचं आणि रोज संध्याकाळी ओट्यावर अभ्यास करायचा.

अभ्यास म्हणजे शुद्ध भांडण. लाल खुर्चीत बसून काका सुरू करायचे, "ही झाली मशीनची बाजू!" ती मांडून झाली की उठायचे, निळ्या खुर्चीवरचा रुमाल उचलायचे, तिथं बसायचे आणि डोळे वटारून रिकाम्या लाल खुर्चीला म्हणायचे, "आता माणसाची बाजू ऐका!" आवाज असा चढायचा की समोरचे नवे भाडेकरू एकदा भांडण सोडवायला धावत आले. बघतात तर एकच माणूस. बिचारे पाणी पिऊन परत गेले.

गंमत म्हणजे रोज निळी खुर्चीच जिंकायची. मी म्हणलं, "काका, एखाद्या दिवशी इंजिनिअरला जिंकू द्या की!"

"त्याची तेवढी पोच न्हाई," काका म्हणाले.

पण विद्या खरी होती हं. एकदा जवसाची चटणी वाटायला घेतली आणि माझा मिक्सर बंद पडला. काकांनी तो उलटा केला, बघितला, म्हणाले, "मशीनची बाजू अशी, की आतली वायर निघाली. आता माणसाची बाजू. ही वायर आपोआप निघत न्हाई. घरात जवसाची चटणी कोणाला आवडत न्हाई?" आमचे हे पेपरात तोंड घालून बसले होते. तो पेपर त्यांनी बराच वेळ खाली घेतलाच नाही.

शेवटच्या सत्रात एक प्रोजेक्ट करायचा होता. दोन्ही विषयांचा मिळून एकच. वर्गातल्या पोरांनी कारखाने घेतले, गोदामं घेतली. काकांनी घेतला गावाकडचा रेणुकादेवीचा भंडारा. "एवढी माणसं, एवढ्या पंगती, कोणी उन्हात ताटकळून राह्यलंय, कोणी भांडून राह्यलंय," काका हात नाचवत सांगायचे. "मॅडम, सगळं बराबर करून दाखवतो!"

नवरात्र संपलं आणि भंडाऱ्याला काकांचे सर खास संभाजीनगरहून बघायला आले. आम्ही दोघंही गेलो. काकांनी गळ्यात शिट्टी अडकवलेली. वाढपी ओळीत उभे. हुकूम एकच, कोणी 'नको' म्हणलं की पुढं सरकायचं, एका ताटापुढं रेंगाळायचं नाही. शिट्टी वाजली आणि काय सांगू, पंगत बसली काय, उठली काय! सर खूश, काका तर जमिनीवर नव्हतेच.

मग कोणीतरी स्वयंपाकाच्या मांडवात डोकावलं. बुंदीच्या कढया जशाच्या तशा! पुऱ्यांचे ढीग तसेच. आणि बाहेर माणसं तोंड पाडून हात धूत होती. काकांचे चुलते, सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, ते सरळ काकांपुढं येऊन उभे राहिले.

"सुदाम, आमी काय हॉटेलात आल्तो का? नको म्हणलं की वाढप्या निघून गेला! पहिलं नको कधी खरं अस्तं का रे?"

खरं सांगते, माझंही पोट अर्धंच होतं. बुंदीला मी नको म्हणले होते, पण ते काय मनापासून म्हणले होते? आपल्याकडं माणूस आधी नको म्हणतो. वाढणारा म्हणतो, "घ्या हो, थोडी." आपण पुन्हा नको म्हणतो. तो वाढतोच. मग आपण "अहो, किती!" म्हणत सगळं संपवतो. जेवण असं असतं. काकांच्या हिशेबात हे कुठंच नव्हतं.

परतीच्या गाडीत सर काकांना समजावत होते. "मशीनची बाजू पास आहे काका, माणसाची नापास. इंजिनिअरिंग मॅनेजमेंटची डिग्री मिळून जाईल. एमबीए सोडून द्या. या वयात दोन-दोन कशाला?"

एरवी सरांपुढं मान खाली घालणारे काका एकदम उसळले. "न्हाई! दोन्ही पाहिजेत. एक सोडून एक बिलकुल न्हाई! एकच घ्यायची असती तर मी नावच घातलं नसतं!"

सरही चकित झाले. म्हणाले, "मग सत्र संपायच्या आत पुन्हा करून दाखवा. ही शेवटची संधी."

त्यानंतर ओट्यावर भांडण ऐकू येईना. काका लाल खुर्चीत बसून नुसते निळ्या खुर्चीकडं बघत राहायचे. आमची संध्याकाळ सुनी सुनी झाली. ह्यांनी तर चक्क विचारलं, "अगं, काकांना बरं नाही का?" मी विचारायला गेले तर काका म्हणाले, "मॅनेजर बोलून नाही राह्यले, मॅडम." मला हसावं की काय करावं तेच कळेना.

आणि एक दिवस, मी भाकरी थापत होते, काका धाडकन आमच्या स्वयंपाकघराच्या दारात!

"मॅडम, मॅनेजर बोलले! आग्रहाचा वेगळा विभागच पाहिजे! वाढणारा पुढं जाऊ द्या जल्दी, त्याच्या मागून आग्रह करणारा येऊ द्या! मशीन बी थांबत न्हाई आन् माणूस बी उपाशी ऱ्हात न्हाई! अन् विभागाच्या मुख्य तुमी!"

तवा तापलेला, भाकरी हातात, आणि मला एकदम प्रमोशन. जन्मात एवढा मान मिळाला नव्हता हो!

तुळशीची लग्नं लागली आणि गावाकडं काकांच्या पुतणीचं लग्न निघालं. त्यांचा भाऊ आधी तयारच होईना. "माझ्या पोरीचं वऱ्हाड उपाशी मारतो का?" म्हणाला. शेवटी काकांनी देवीची शपथ घेतली, तेव्हा कुठं तो कबूल झाला. मी गावातल्या सहा-सात ठसकेबाज बायका निवडल्या. नियम काकांनी घालून दिले होते. पहिलं नको ऐकायचंच नाही. दुसरं नको ऐकायचं, हसायचं आणि वाढायचं. ताटावर हात आडवा आला की मात्र सोडायचं. नानांच्या ताटावर हात आडवा यायला किती वेळ लागला म्हणता! तो आला तेव्हा नाना घामाघूम झाले होते आणि चेहरा असा खुलला होता जसं काही त्यांचंच लग्न आहे.

सरही पंगतीत बसले होते. बुंदीला म्हणाले, "नको." मी ती वाढलीच. म्हणाले, "अहो, नको नको." मी हसले, वाढली. पंगत वेळेत उठली, कढया रिकाम्या झाल्या आणि सर ढेकर देत मला म्हणाले, "हे खरं मॅनेजमेंट." काकांनी मांडवातच शिट्टी वाजवली. नवरदेव दचकला!

निकाल लागला तो दिवस मी विसरणार नाही. काका दोन्हींत पास! बातमी ह्यांनी फोनवर सांगितली आणि मी तशीच चपला घालून पळाले. फाटकाशी पोचले आणि थांबले.

काका लाल खुर्चीत बसले होते. हातात पेढ्यांचा पुडा. एक पेढा त्यांनी निळ्या खुर्चीपुढं धरला होता.

"घे. तुझ्या विषयात माझ्यापेक्षा जास्त मार्क पडलेत." थोडं थांबले. "नको काय म्हणती? घे गं. एक तरी घ्यावाच लागंल."

माझा हात फाटकाच्या कडीवरच राहिला. मग मुद्दाम कडी जोरात वाजवली आणि म्हणलं, "काका, मला नाही का पेढा?"

काकांनी बाहीनं डोळे पुसले. लपवले नाहीत. "तिला लई हौस व्हती बघा, धंद्याचं शिकायची. बी.कॉम. झाली अन् घरच्यांनी लग्न करून टाकलं. मी म्हणायचो, पोरगी मार्गी लागू दे, मंग दोघं मिळून वर्गात बसू. मी माझं शिकतो, तू तुझं शीक." पेढा अजून हातातच होता. "मंग काय, दोघांचं मीच घेतलं."

बसायला म्हणून मी पुढं झाले, तर काका उठले आणि लाल खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"हितं बसा, मॅडम," काका म्हणाले. "निळीत माणूस हाय."

मी लाल खुर्चीत बसले. काकांनी पेढा पुढं केला. मी नको म्हणलं, तर त्यांनी दोन दिले.