कांतीशेठ आणि सात पायांची पाहुणी

नाकतोड्याची हात जोडून माफी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे कांतीशेठ. डब्याचं झाकण किलकिलं करायचं, आतल्या नाकतोड्याला म्हणायचं, "मिच्छामि दुक्कडम्, बाबा. चूक माझी हाय, माफ कर," आणि मग मान वळवून, डोळे गच्च मिटून त्याला काचेच्या बरणीत सोडायचं. बरणीत असायची तळहाताएवढी केसाळ कोळीण. डोळे मिटलेले असल्यामुळं निम्म्या वेळा तो नाकतोडा बरणीऐवजी शेठच्याच सदऱ्यात शिरायचा. मग दोघंही उड्या मारायचे.

मी तेव्हा घोडेगावला पंचायत समितीत, कृषी विभागात कारकून होतो. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. शेठच्या गोदामामागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. दुकान शेठच्या थोरल्या भावाचं, किराणा पुढं आणि हिरड्याचा व्यापार मागं. डोंगरातल्या गावांतून पोत्यांनी हिरडा यायचा, तो निवडायचा, वाळवायचा, भरून पाठवायचा. हे मागचं काम कांतीशेठचं. माणूस हिशेबाला पक्का, बोलायला गोड, पण गल्ल्यावर कधी बसला नाही. अंगावर कोड होतं. हातावर, मानेवर, अर्ध्या चेहऱ्यावर. "गिऱ्हाइकासमोर नको," असं घरात कुणीतरी कधीतरी म्हटलं असणार, आणि शेठनी ते पुन्हा म्हणायची वेळ येऊ दिली नाही. लग्नाचंही तसंच राहून गेलं. पन्नाशीला आले तरी बोलताना डावा गाल भिंतीकडं. आणि तोंडात एकच वाक्य, "लई शरम वाटती बघा." चहा मागितला तरी शरम, नको म्हटला तरी शरम.

ती कोळीण आली हिरड्याच्या पोत्यातून. शिनोलीच्या पलीकडच्या एका डोंगरवाडीचं पोतं होतं. हमालानं ते उपडं केलं आणि ओरडला, "शेठ, लई मोठा कोळी हाय! ठेचू का?" पायातली चप्पल त्याच्या हातात आलीसुद्धा होती. शेठनी झेप घेऊन कोळ्यावर पातेलं पालथं घातलं. त्या गडबडीत पातेल्याच्या काठाखाली तिचा एक पाय तुटला.

झालं! जैनाच्या घरात मारायची तर सोय नाहीच, पण अपंग करून सोडायची तरी कशी? शेठनी मला हाक मारली. "भाऊसाहेब, तुमी किडेवाले. सांगा आता."

"शेठ, मी फवारणीवाला. मला किडे मारायचं शिकवलंय, पोसायचं नाही."

"बरी झाली की सोडू. पाय बरा झाला की तिच्या डोंगरात नेऊन सोडू. शब्द हाय माझा."

पेपरमिंटच्या गोळ्यांची मोठी बरणी धुतली, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली. आणि सुरू झाला पाहुणचार. पहिल्या दिवशी खाली कापसाची गादी. तिचे पाय कापसात असे गुंतले, की सोडवताना शेठना दरदरून घाम फुटला. दुसऱ्या दिवशी वाटीत दूध. मग भिजवलेले मूग. मग साबुदाणा, मग गूळ. "आमच्यात आलीय, आमच्यासारखं खाईल की हळूहळू," असं म्हणत म्हणत आठवडा गेला. ती कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेली.

शेवटी मी मंचरच्या कॉलेजातल्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठलं. कुणासाठी विचारतोय हे सांगायची लाज वाटली म्हणून म्हणालो, "एका शेतकऱ्याला शंका आहे." ते म्हणाले, माती घाला, उथळ झाकणात पाणी ठेवा, डोळ्यांना तिला जवळजवळ दिसत नाही, सगळं पायांच्या केसांवर चालतं. तुटलेला पाय कात टाकताना परत येतो. आणि खायला जिवंत किडे.

ते शेवटचं ऐकून शेठ मटकन पोत्यावर बसले. पाण्यातला जीव मरू नये म्हणून हा माणूस पाणी गाळून प्यायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाऊसाहेब, पकडायचे तुमी. तुमचं पाप निम्मं, माझं निम्मं. लई शरम वाटती, पण पाय माझ्यामुळं गेलाय."

तेव्हापासून ऑफिस सुटलं की मी डबा घेऊन घोड नदीच्या काठी गवतात. एवढा सरकारी माणूस, गुडघ्यावर बसून टाळ्या मारल्यासारखा नाकतोडे धरतोय! येणारे-जाणारे विचारायचे, "काय भाऊसाहेब, नमुनं घेताय?" "सर्वेक्षण आहे," मी म्हणायचो. एकदा मीटिंगमध्ये थेट साहेबांच्या फायलीवर माझ्या खिशातून एक नमुना उडून बसला. त्या दिवशी धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एवढं करूनही बाई वाळतच चालली होती. मला कळेना. एका संध्याकाळी डबा द्यायला गेलो तर शेठ चिमट्यानं बरणीतून नाकतोडा बाहेर काढून अंगणात सोडत होते.

"हे काय चाललंय?"

"दिवस बुडला न्हवं? आमच्याकडं सूर्यास्तानंतर जेवत न्हाईत."

"अहो शेठ! ती रात्रीचीच खाते! तिचा दिवस आत्ता उगवतो!"

म्हणजे इतके दिवस मी धरायचं, त्यांनी माफी मागायची, तिनं अंधाराची वाट बघायची, आणि अंधार पडला की यांनी ताट उचलायचं. शेठचा चेहरा असा उतरला, की मी हसू गिळलं. "मी तिला उपाशी मारत होतो, भाऊसाहेब." त्या दिवसापासून तिला रात्रीची परवानगी मिळाली. "तिचा धर्म निराळा," म्हणाले. आणि तेव्हापासून ते संध्याकाळी बरणीजवळ पोत्यावर बसायला लागले. मी मात्र डबा द्यायचा आणि सुटायचं, एवढंच. खरं सांगतो, मला तिच्याकडं बघवत नसे. केसाळ पाय दिसले की मी मान फिरवायचो.

पर्युषणात, जैनांच्या उपासाच्या दिवसांत, तिनं खाणं सोडलं. नाकतोडा नाकापुढून चालला तरी ढिम्म. शेठना आनंद मावेना. "पोरगी उपास करती! आमच्या घरात एवढा कडक कुणी केला न्हाई!" मग शेवटच्या दिवशी संवत्सरी झाली, घरोघरची माफी मागून झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थाप. शेठच्या डोळ्यांत पाणी. "गेली हो."

गोदामात जाऊन बघतो तर खरंच, उताणी, पाय वर. शेठनी बरणीवर धुतलेला पांढरा रुमाल अंथरला, हात जोडून नवकार मंत्र म्हणायला लागले. मीही खाली मान घालून उभा. मनात एकच भीती, ऑफिसातलं कुणी आलं तर कोळ्याच्या मयताला आलोय हे सांगायचं कसं? तेवढ्यात रुमालाआड काचेला काहीतरी घासलं. पाय हलला! मी जो पळालो तो थेट पंचायत समितीत.

संध्याकाळी शेठ स्वतः सांगायला आले. "मेली न्हवती. कात टाकली."

"वा! मग पाय आला?"

शेठ भिंतीकडं बघत म्हणाले, "न्हाई आला. पुढच्या खेपेला येईल म्हणं."

आता पुढची खेप कधी, देव जाणे. मी पुन्हा गवतात. बरणीवर आता कायम रुमाल असायचा. "लाजती ती," शेठ म्हणायचे. मला काय, बरंच होतं. वर्ष गेलं.

पुन्हा संवत्सरी आली. शेठ रिवाजाप्रमाणं दारात हात जोडून उभे. "मिच्छामि दुक्कडम्, भाऊसाहेब." मीही हात जोडले. दरवर्षी एवढं झालं की ते हसून पुढच्या घरी जायचे. या वेळी हलेनात.

"दरसाल मी नुसतं म्हणत व्हतो. यंदा खरं हाय. पाय आलाय तिचा. मागंच आलाय, कात टाकली त्याच दिवशी. मी खोटं बोललो."

माझं टाळकंच सरकलं. "वर्षभर? अहो, वर्षभर मी चिखलात लोळलो! साहेबांच्या शिव्या खाल्ल्या! गावात मला नाकतोडे भाऊसाहेब म्हणतात! कशासाठी हे?"

ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "लोक माझ्याकडं बघत्यात, न्हाईतर मुद्दाम बघत न्हाईत. दोन्ही सारखंच. तिला दिसतच न्हाई. तिच्यापुढं बसलो की गाल कुठं करावा, हा विचार येत न्हाई. दिवसातला तेवढाच टाइम मला शरम वाटत न्हाई बघा. पण शब्द दिला व्हता. आता त्याचीच शरम वाटती."

"राहू द्या की मग," मी पुटपुटलो. त्यांनी मान हलवली.

पुढच्या रविवारी आम्ही भीमाशंकरच्या एसटीत बसलो. पिशवीतली बरणी शेठच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "पावणं, तूप हाय का?" शेठ म्हणाले, "न्हाई, लेक हाय. सासरी चाललीय." कंडक्टरनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

वाडीच्या वर, हिरड्याच्या झाडाखाली शेठनी बरणी आडवी केली. मी पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. आठ पाय. एक जरासा बारीक. बराच वेळ ती काठावर बसून राहिली, मग सावकाश उतरली आणि दगडाच्या कपारीत शिरली. शेठ हात जोडून उभे होते. "वळून बघितलं न्हाई," म्हणाले, आणि स्वतःच कसनुसं हसले.

येताना एसटी भरलेली होती. माणसं दांडीला लटकत होती, पण शेठच्या शेजारची जागा मी बसेपर्यंत मोकळीच होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर सवयीनं डबा उचलला, मग ठेवून दिला. नदीवर जायचं नव्हतं आणि गोदामात जायचंही काही कारण उरलं नव्हतं. कंदील पुसत बसलो. दाराशी शेठ आले. डावा गाल चौकटीआड.

"भाऊसाहेब, येक मागायचंय. लई शरम वाटती."

"बोला ना."

"ती गेली, ते बरंच झालं. पण तुमी संध्याकाळचं येत व्हता." त्यांनी डब्याकडं बघितलं. "डबा रिकामा आणला तरी चालंल."

लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड वर्ष मी रोज त्यांच्या दाराशी जात होतो, आणि एकदाही टेकलो नव्हतो. डबा घेतला, रिकामाच, आणि त्यांच्यामागं जाऊन हिरड्याच्या पोत्यावर बसलो. त्यांच्या डाव्या बाजूला.