येरमटोल्याच्या फोनची पाळी

जगातल्या प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी खंबीरपणे उभे असते. ते किती मागे उभे आहे, हे मात्र वस्तू बिघडल्यावरच कळते.

आलापल्लीचा दुकानदार मन्सूर याने २००४च्या जूनमध्ये येरमटोल्याला बिनतारी टेलिफोन विकला, तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हते. गावातला तो पहिलाच फोन. गुणवंतरावांनी तो समाजमंदिरात बसवून घेतला, कारण त्यांच्या लेकीचे, दिव्यानीचे, पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते आणि दवाखान्यात न्यायला जीप यायची ती बावीस किलोमीटरवरच्या आलापल्लीहून.

"मन्सूरभाऊ, वक्तावर लागन नं?"

"लागन. माही जबान हाये."

फोन दर सहा तासांनी मुका होऊ लागला. दिवा चालू, आवाज बंद (पुष्कळ कचेऱ्या अशाच चालतात). बॅटरी काढून शंभरपर्यंत मोजले आणि परत बसवली, की पुन्हा बोलायचा. दोष आतल्या चिपमध्ये भरलेल्या फर्मवेअरचा, म्हणजे फोन चालवणाऱ्या आज्ञांचा होता. मन्सूरने पत्रव्यवहार सुरू केला. नागपूरच्या एजन्सीने कंपनीकडे बोट दाखवले. कंपनीने मोठ्या प्रामाणिकपणे कळवले, की फोन आमचाच असला तरी आम्ही फक्त खोके बनवतो व त्यावर नाव छापतो. नावात काही दोष आढळल्यास अवश्य कळवावे. दुरुस्ती फक्त परदेशातले चिपवाले देऊ शकतात.

चिपवाल्यांचे उत्तर अकरा आठवड्यांनी आले. सदर चिपला आम्ही निरंतर सहाय्य देतो. सदर चिपचे उत्पादन मार्चमध्ये थांबल्याने निरंतर सहाय्यही मार्चमध्येच पूर्ण झाले आहे. म्हणजे बारशाच्या आधी तेरवी. नवी चिप घ्यावी, असेही प्रेमाने सुचवले होते (ती जुन्या फोनमध्ये बसत नाही).

मन्सूरला लाज वाटली. एवढ्या लांब साखळीत लाज वाटणारा तो एकटाच निघाला, कारण गिऱ्हाइकाला रोज तोंड दाखवावे लागणाराही तो एकटाच होता. तो गावात गेला आणि खरे ते सांगून मोकळा झाला.

गावाने फार मनावर घेतले नाही. येरमटोल्यात गुरे राखायची पाळी घरोघर फिरते. तशीच फोनची लावली. सदतीस घरे, रोज एक घर, चार वेळा बॅटरी काढायची. पाळी चुकवणाऱ्याने दुसऱ्या दिवशी गुरे आणि फोन दोन्ही सांभाळायचे. बायनाबाईला शंभरपर्यंत येत नव्हते, म्हणून तिला पाच विसा, म्हणजे पाच वेळा वीस, मोजायची खास सवलत मिळाली. मन्सूरने चिपवाल्यांना कळवलेल्या तक्रारी सप्टेंबरपर्यंत तेवीस, ऑक्टोबरात शून्य.

नोव्हेंबरात, ऐन धानकापणीत, दिव्यानीला कळा सुरू झाल्या. पाळी नेमकी गुणवंतरावांच्या घराची. धावपळीत दुपारी बाराची बॅटरी राहून गेली आणि गुणवंतराव फोनकडे निघाले, तेव्हा दिव्यानीनेच दात आवळून सांगितले, "बाबा, आज पाळी आपली हाये. पह्यले बॅटरी काढा."

मन्सूरच्या दुकानात साडेबाराला फोन वाजला. "जीप धाड, मन्सूरभाऊ. शंभर मोजता मोजता जीव जाऊन राह्यला होता माहा."

जीप वेळेत पोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मन्सूर त्या दिवशी दुकान बंद करून नुसता बसून राहिला. मग त्याने सगळी हकीकत चिपवाल्यांना लिहिली.

या वेळी उत्तर आठवड्यात आले. आपल्या गावातून महिनाभर तक्रार नसल्याने दोष आपोआप दूर झाल्याची नोंद घेतली आहे. या यशामुळे तेच फर्मवेअर पुढील सर्व उपकरणांत वापरले जाईल.

मन्सूरने पत्र गावाला वाचून दाखवले. बायनाबाईने शांतपणे विचारले, "मंग बाकीच्या गावाइत पाच विसा कोण मोजन?"

शहरी वाचकांना याचे हसू येणे स्वाभाविक आहे. फक्त परवा आपल्या घरातली इंटरनेटची डबी बंद करून, मनात दहापर्यंत मोजून, पुन्हा चालू कोणी केली, एवढे आठवून पाहावे. येरमटोल्यात निदान दुसऱ्या दिवशी पाळी शेजाऱ्याची असते.