स्लॅबवरची एक नंबर हवा

मोहटोल्यात हवा सगळ्यांची एकच होती. पण तुलाराम सेलोकरच्या स्लॅबवर ते यंत्र बसलं आणि तेव्हापासून तुलारामची हवा वेगळी झाली!

"अख्खा भंडारा जिल्हा पायला म्याडमनं," पानठेल्यावर छाती काढून तो सांगे. "पवनी पायली, मोहाडी पायली, लाखांदूर पायलं. शेवटी म्हणाली, काका, तुमच्या स्लॅबवरची हवा एक नंबर!"

"चाखून पायली का तिनं?" श्यामराव तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत विचारी.

श्यामराव समोरच्या घरचा. त्याची गाय जास्त दूध देई, त्याचं धान आधी कापून होई, त्याच्या बोअरला भर उन्हाळ्यातही पाणी असे. जन्मभरात तुलाराम त्याच्या पुढे गेला तो हा एकदाच, आणि तोही फुकटच्या हवेच्या जोरावर!

म्याडम म्हणजे पुण्याच्या संशोधक डॉ. दामिनी. हवेतल्या बारीक कणांचा आणि ढगांचा संबंध शोधणं हे त्यांचं काम. यंत्र बसवताना त्यांनी तुलारामला सगळं नीट समजावलं होतं.

"काका, नुसत्या वाफेचा ढग होत नाही. धुळीचे, धुराचे, मिठाचे बारीक कण हवेत तरंगत असतात. वाफ त्यांना धरून बसते, तेव्हा कुठे थेंब होतो. कण फार झाले की थेंब बारीकच राहतात आणि ढग बरसायचं नाव घेत नाही. म्हणून आम्हाला आधी स्वच्छ हवेची जागा हवी आहे. हे नळकांडं हवा आत ओढतं आणि इथे आकडा दिसतो. आकडा कमी, तर हवा स्वच्छ."

"आन् आकडा वाढला तं?"

"तर यंत्र हलवावं लागेल. समोरच्या श्यामरावांचा स्लॅबही मी बघून ठेवलाय."

तुलाराम दोन्ही हात पसरून यंत्राच्या आडवाच उभा राहिला.

"जवळपास कचरा जाळू नका म्हणजे झालं," असं बजावून म्याडम जीपमध्ये बसल्या.

कचरा जाळायचा नाही म्हणजे नाही! तुलारामनं अंगणातलं वाळकं पानसुद्धा पेटू दिलं नाही. आकडा चाळिशीच्या आत गुण्यागोविंदानं नांदू लागला. मग गावात धानाची मळणी सुरू झाली, भुसा उडाला आणि एका संध्याकाळी आकडा साठावर जाऊन बसला.

"गोलूच्या मायी!" तुलाराम जिन्यातूनच ओरडला. "हवा नासली!"

गोदावरीबाई, म्हणजे तुलारामची बायको, भाताचं पातेलं उतरवत होत्या. "नासाले ते काय दूध हाये?"

"अवं, आकडा चढला! यंत्र जाते आता श्यामरावच्या घरी!"

हवा नासली की काय करायचं, हे मोहटोल्यात कोणाला शिकवावं लागत नाही. खोली बाळंतिणीची असो की आजाऱ्याची, हवा शुद्ध करायची तर धूप घालायचा! गोदावरीबाईंनी धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर ऊद टाकला. तुलारामनं ते धुपाटणं स्लॅबवर नेलं आणि यंत्राच्या चारी बाजूंनी मनोभावे फिरवलं. नळकांड्याच्या तोंडाशी तर जरा जास्तच.

आकडा तीनशेवर गेला!

तुलारामनं डोळे चोळले. धूप घातला म्हणजे हवा शुद्ध झाली. हवा शुद्ध झाली म्हणजे आकडा उतरायला हवा. मग हा मेला चढला कसा? डोकं खाजवून खाजवून त्याची टोपी वाकडी झाली, आणि मग एकदम उजेड पडला.

"समजलं! एरंडीचं तेल पेल्यावर पयले सारी घाण बाहेर पडते का नाही? मंग पोट साफ होते. हवेले जुलाब होऊन राहिले हे!"

"मंग आनखी एक डोस द्या," गोदावरीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या संध्याकाळी गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला झाला. आकडा पाचशे! त्यानंतर कोणाची नजर लागली असेल म्हणून मोहरी आणि लाल मिरच्या. अख्खी गल्ली ठसकली, गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली आणि आकडा सातशेला टेकला. एवढी घाण आपल्या हवेत होती आणि आपण ती इतकी वर्षं छातीत भरून घेतली, या विचारानं तुलारामला गलबलून आलं.

तेवढ्यात पुण्याहून फोन. "काका, तिथे काही जाळताय का?"

"नाही जी म्याडम! कचऱ्याची एक काडी नाही पेटवली. मायची आन!"

"मग हे येतंय कुठून? उपग्रहाच्या चित्रात आजूबाजूला कुठेही आग दिसत नाही. आणि रोज संध्याकाळीच का? मला तर काही कळेनासं झालंय!"

"मले बी कळून नाही राहिलं," तुलाराम म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

येतंय कुठून, हा प्रश्न मात्र त्याच्या डोक्यात घर करून बसला. सकाळी स्लॅबवर उभं राहून त्यानं चहूकडे पाहिलं आणि नजर समोरच थांबली. श्यामरावच्या अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल धडधडत होती! तुलाराम तसाच रस्ता ओलांडून गेला आणि त्यानं बादलीभर पाणी चुलीत ओतलं.

"काहून बे? डोकं फिरलं का तुयं?" अंगाला साबण लावून बसलेला श्यामराव किंचाळला.

"माया घरचं यंत्र पळवाले धूर करतेस का? सारं समजते मले!"

"अबे, मी आंग धुऊन राहिलो! लग्न झालं तवापासून ही चूल इथंच हाये!"

चूल विझली, श्यामराव साबणासकट कुडकुडला, पण आकडा काही फारसा हलेना. शेवटचा उपाय म्हणून तुलारामनं योगेंद्रमहाराजांना बोलावलं. हवनानं कोसभर हवा शुद्ध होते, असा त्यांचा दावा होता. स्लॅबवर विटांचं कुंड मांडलं, आंब्याची लाकडं रचली, गावरान तुपाची धार लागली. सगळी गल्ली हात जोडून बसली. धूर इतका झाला की महाराजांना स्वतःचा हात सापडेना. यंत्रानं एकदा शिट्टी मारली आणि पडद्यावरचा आकडा पार गायब झाला! तिथे नुसत्या आडव्या रेघा उरल्या.

"आकडाच गेला!" तुलाराम आनंदानं नाचायला लागला. "हवा शुद्ध झाली!"

त्याच वेळी खाली जीप थांबली. दामिनी म्याडम खोकत खोकत जिना चढून आल्या आणि कुंडासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बघून महाराजांनी मंत्र आवरता घेतला.

"काका! काही जाळत नाही म्हणालात ना?"

"कचरा नाही जी जाळला. हा तं होम हाये."

"अहो, यंत्राला धूर तो धूरच!"

तुलाराम गोंधळून धुपाटण्याकडे बघत राहिला. "म्हंजे... धूप बी हे यंत्र कचऱ्यातच धरते?"

म्याडम पायरीवर बसल्या. हसताहेत की रडताहेत, ते धुरात नीट दिसत नव्हतं. "तुमच्या उदावर आम्ही पुण्यात बैठकांवर बैठका घेतल्या, काका. एकानं तर त्याच्यावर शोधनिबंध लिहायला घेतलाय."

यंत्राचे स्क्रू काढायला म्याडमबरोबर आलेला माणूस वाकला, तेव्हा तुलारामचे डोळे खरोखर भरून आले, आणि ते धुरानं नव्हे. "म्याडम, एक खेप माफी द्या. जन्मात पयल्यांदा काईतरी श्यामरावच्या घरी न जाता माया घरी आलं."

म्याडम विरघळल्या. "बरं, शेवटची संधी. आता धूप नाही, गोवरी नाही, होम नाही. या आठवड्यात आकडा चाळिशीच्या आत आला तर यंत्र इथेच राहील. नाही तर समोर."

मग तुलारामच्या घरात लष्करी राज्य आलं! देवाला नुसतं फूल. पाहुण्याची विडी दारातच विझवायची. खाली कढईत मोहरी तडतडली की वरून गर्जना येई, "फोडणी बंद!" सगळं घर उकडलेलं वरण आणि भात गिळू लागलं. मळणीचा भुसा मात्र उडतच होता आणि आकडा पन्नासच्या खाली यायला तयार नव्हता. गोदावरीबाई बिनफोडणीचं वरण ढवळत सगळं बघत होत्या.

आणि एके दिवशी आकडा घसरला! वीस झाला, दहा झाला, संध्याकाळी दोनवर आला. तुलाराम वाऱ्यासारखा पानठेल्यावर पोचला. आज श्यामराव चक्क उठून उभा राहिला.

"मानलं बापा तुले," तो म्हणाला. "हवा तं तुयीच!"

तुलारामला आकाश ठेंगणं झालं. तेवढ्यात फोन वाजला.

"काका, दोन? इतकी स्वच्छ हवा मला हिमालयातसुद्धा मिळाली नव्हती! हे कसं झालं, काही कळत नाहीये. उद्या आमचे मोठे साहेब विमानानं येताहेत, स्वतः बघायला!"

तुलाराम तरंगत घरी आला आणि उंबऱ्यातच थबकला. घरात लसूण-मिरचीची खमंग फोडणी दरवळत होती. धावत तो स्लॅबवर गेला. आकडा बघितला, दोन. पुन्हा नाक वर करून हुंगलं, फोडणीच! मग दिवसभरात पहिल्यांदाच त्याची नजर आकडा सोडून नळकांड्याच्या तोंडाकडे गेली. तिथे गोदावरीबाईंच्या जुन्या लुगड्याचा ओला तुकडा दोरीनं घट्ट आवळला होता.

"हे काय केलं?"

गोदावरीबाई हात पुसत वर आल्या होत्या. "नळाले फडकं बांधून पानी गाळून पेता ना? तशी हवा बी गाळली. बिनफोडणीचं वरण अजून कितीक दिवस खावं मानसानं?"

तुलारामनं गाठ सोडायला हात पुढे केला. उद्याचे मोठे साहेब आठवले. मग श्यामरावचं ते "मानलं बापा" आठवलं. हात तिथेच थांबला.

"किती पदर हायेत याले?"

"चार."

तुलारामनं जिन्याकडे एकदा चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एवढी शुद्ध हवा साहेबाले पटनार नाही," तो म्हणाला. "दोन पदर कमी कर."