मृण्मयीबाईसाहेबांनी दर्याची मोहीम मोडून गड जवळ केला, तें वर्तमान

श्री ग्रामदैवत साह्य. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षीं, दहावीची परीक्षा संपून ऊन माथ्यावर आणि आंबा पेटींत आला असतां एका राज्यांत जो प्रसंग गुदरला, तो लिहून ठेवावा ऐसी कोणाची आज्ञा नव्हती, कोणी पुसिलेंही नाहीं. तथापि पुढें कोण्या राज्यावर हीच वेळ आल्यास थोडी सावधगिरी व्हावी, म्हणोन यथामति लिहिलें असे.

राज्य थोर होतें ऐसें म्हणवत नाहीं. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या आणि एक सज्जा, इतकाच मुलूख. तेथें राजश्री हेमंतराव राज्य करीत. दिवसा विमा-कचेरींत साहेबांचीं बोलणीं खावीं आणि सायंकाळीं घरीं येऊन राजे व्हावें, ऐसा त्यांचा क्रम. गडकिल्ल्यांची त्यांस परम प्रीति. कोणता बुरूज कोठें, कोणती वाट चोर आणि कोणती राजरोस, हें सर्व मुखोद्गत, आणि सोसायटीच्या उत्सवांत दर वर्षीं "मुलांनो, गड चढा, पाय मजबूत करा" ऐसें व्याख्यान देत. स्वतः मात्र मोटार जेथवर जाते तेथवरच गड चढले होते, कारण गुडघा. कोणता गुडघा, हें वेळोवेळीं बदलत असे. राणीसाहेब वृषालीबाई शहाण्या, मितभाषी, आणि खजिना व स्वयंपाकघर दोन्ही त्यांचे हातीं, म्हणजे राज्यच त्यांचे हातीं. परंतु हें राजांस कोणी सांगितलें नव्हतें. कन्या एकच, मृण्मयीबाईसाहेब, वय सोळा.

राज्याची वहिवाट ऐसी कीं, दर वैशाखांत राजांनी दर्याकिनारीं मोहीम काढावी. त्याच गांवीं, त्याच खानावळीजवळच्या त्याच खोलींत मुक्काम करावा, आणि परतल्यावर वर्षभर त्याच्याच गोष्टी सांगाव्या. कन्या लहान होत्या तेव्हां बादली-फावडें घेऊन आठ दिवस आधींपासून दाराशीं बसत. पुढें आठवींत गेल्या, तेव्हां कानांत गाण्याचीं बोंडें घालून मोटारींत बसल्या आणि किनारा येईतों बोलिल्या नाहींत. नववींत तर दर्याकडे पाठ करून खोलीच्या गच्चीवर फोनास रेंज शोधीत फिरल्या. परंतु राजांस ही मोहीमही फत्ते वाटली, आणि त्यांनी घरच्या ग्रुपावर छायाचित्रें टाकिलीं, ज्यांत कन्येचें फक्त कपाळ दिसत होतें.

यंदा परीक्षा संपतांच राजांनी जेवणाच्या मेजावर दरबार भरविला आणि हर्षें कन्येस म्हणाले, "खोली सांगून ठेवलीय. समुद्राकडचीच मिळतेय. काय, मिनू?" तेव्हां बाईसाहेबांनी भाताचा घास खाली ठेविला आणि शांतपणें म्हणाल्या, "बाबा, मी येणार नाही. मी आणि शाहीन गडावर जाणार आहोत. गौरीताईंचं शिबिर आहे, आठ दिवसांचं. पाण्याचं जुनं टाकं गाळानं भरलंय, ते उपसायचंय." शाहीन म्हणजे बाईसाहेबांची वर्गमैत्रीण, आणि गौरीताई म्हणजे त्यांच्या शाळेंतील भूगोलाच्या शिक्षिका, दर उन्हाळ्यांत मुलींची फौज घेऊन कोणत्या ना कोणत्या गडावर चढत. हें ऐकून राजांचे मुखावरील तेज उतरलें आणि ते म्हणाले, "गडावर? या उन्हात? तिथे विंचू असतात." कन्या म्हणाल्या, "तुम्हीच तर दर वर्षी माईकवर सांगता, गड चढा म्हणून." राजे म्हणाले, "ते मी सगळ्या मुलांना सांगतो. तुला नाही सांगत." हें बोलणें मुखांतून गेल्यावर त्यांस स्वतःसही कसेंसें वाटलें, परंतु बाण सुटला तो सुटला. मग कन्या उठल्या आणि आपल्या खोलीचें दार लावून घेतलें, आणि एका राज्याचीं दोन राज्यें जाहलीं.

मग वेढा पडला. राजे बाहेर, कन्या आंत. दारावर टकटक करून "चहा घेणार का?" म्हणावें, तों आंतून "नको" यावें, आणि तो एक शब्द राजांचे जिव्हारीं लागावा. अखेर राणीसाहेब वकील होऊन मध्यें पडिल्या आणि राजांस स्वयंपाकघरांत गांठून म्हणाल्या, "अहो, तिला पाठवायची भीती वाटतेय की ती तुमच्याबरोबर येत नाही याचं वाईट वाटतंय? आधी ते ठरवा, मग भांडा." राजांनी खूप विचार केला, आणि उत्तर सांपडलें तें सांगण्याजोगें नव्हतें, म्हणोन त्यांनी परवानगी दिली. तह ठरला कीं रोज सायंकाळीं फोन करावा, बूट घालून झोपूं नये, आणि अनोळखी पाणी पिऊं नये. बाईसाहेबांनी सर्व कलमें ऐकिलीं आणि मान डोलविली, जैसी पावसांत भिजणारी म्हैस डोलविते.

कूच जाहलें तो दिवस राजांस फार जड गेला. एस.टी. स्टँडावर राजे खिडकीखालीं उभे, आणि आंत कन्या व शाहीन कोणा गोष्टीवर पोट धरून हंसत होत्या. गाडी हलली. राजांनी हात उंच केला. कन्येनें वळून पाहिलें नाहीं. तेव्हां राजे केस सांवरावयास हात वर केला ऐसें दाखवूं लागले, परंतु त्यांचे माथ्यावर केस असे फारसे नव्हतेच.

पहिल्या सायंकाळीं फोन आला: "बाबा, पोचले, मस्त आहे, एकाच बुरुजावर रेंज येते, ठेवते." दुसऱ्या दिवशीं फोन आला नाहीं. राणीसाहेब म्हणाल्या, "रेंज नसेल." परंतु राजांचे डोळ्यांपुढें विंचवांची फौजच उभी राहिली. तिसऱ्या सकाळीं त्यांनी गनिमी कावा करावयाचें ठरविलें आणि कचेरीचे कपडे, कचेरीचे काळे बूट घालून, आंब्याची पेटी खांद्यावर घेऊन दारांत आले. राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, ऑफिसला आंबे कशाला?" राजे म्हणाले, "साहेबांना." राणीसाहेब पेटीकडे पाहोन म्हणाल्या, "साहेबांना सांगा, दमानं चढा, आणि पाणी न्या." आणि बाटली हातीं दिली.

राजे भर उन्हांत गडाच्या पायथ्यास पोंचले. वाट मुखोद्गत होती. पुस्तकांत जी वाट दोन ओळींत संपते, ती पायांखालीं संपेना. खडीवर काळे बूट घसरूं लागले, पेटी खांदा कापूं लागली, आणि निम्मी वाट जातां उजव्या पोटरींत ऐसा गोळा आला कीं राजे "आई गं" म्हणोन करवंदीच्या जाळीपाशीं बसले. तिची सावली राजांचे डोकीपुरतीही नव्हती. ऐशा स्थितींत बसले असतां वरून मुलींचे आवाज आले. शाहीन पुढें, हातीं रिकामे कॅन, आणि मागें मृण्मयीबाईसाहेब, तोंड उन्हानें रापलेलें, ओढणी डोकीस बांधिलेली; गांवांतून पिण्याचें पाणी आणावयास निघाल्या होत्या. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "बाबा?" राजे म्हणाले, "इकडे जरा काम होतं." शाहीन म्हणाली, "काका, गडावर विमा काढताय?" आणि दोघी जमिनीवर बसून हंसल्या.

राजांस वाटलें, आतां कन्या रागें भरतील. आणि त्यांस तें योग्यही वाटलें असतें. परंतु बाईसाहेबांनी खाली बसून राजांचा बूट काढिला, पाय मांडीवर घेतला, अंगठा धरून पाऊल वर दाबिलें आणि म्हणाल्या, "श्वास सोडा. अंग कडक करू नका. आता थोडं थोडं पाणी प्या, गटागटा नको." राजांनी ऐकिलें. पोटरी सैल जाहली. मग कन्येनें विचारलें, "खाली सोडू, की वर येताय?" राजांनी खाली पाहिलें, वर पाहिलें, आणि म्हणाले, "तू सांग." कन्या म्हणाल्या, "मग वर." शाहीन एकटीच कॅन घेऊन खाली उतरली, आणि पेटी कन्येनें डोकीवर घेतली आणि राजे रिकाम्या हातीं तिचे मागें चालिले, आणि ती जेथें पाय ठेवील तेथें पाय ठेवूं लागले.

माथ्यावर मुली टाक्यांत उतरल्या होत्या. कातळांत खोदलेलें खोल टाकें, तळीं काळा गाळ, आणि एकीच्या हातून दुसरीच्या हातीं गाळाचीं घमेलीं वर येत होतीं. तें पाहोन राजांस स्फुरण चढलें, छाती पुढें काढून म्हणाले, "मुलींनो, या टाक्याचा इतिहास असा, की..." इतक्यांत कन्येनें भरलें घमेलें त्यांचे हातीं ठेविलें आणि म्हणाल्या, "बाबा, बोलता बोलता हे पुढे द्या." राजांनी पुढें दिलें. दुसरें आलें. तिसरें आलें. इतिहास तेथेंच राहिला.

ऊन कलतां दोघे बुरुजावर बसले. कन्येचे तळहात फुटले होते. राजांनी ते पाहिले आणि त्याविषयीं कांहीं बोलिले नाहींत, हाच त्या दिवशींचा त्यांचा एक पराक्रम. मग धीर करून पुसिलें, "समुद्राचा कंटाळा तुला कधीपासून आलाय?" कन्या म्हणाल्या, "आठवीपासून." "मग येत का होतीस?" कन्या म्हणाल्या, "तुम्ही वर्षभर वाट बघायचात ना." इतकीं वर्षें आपण लेकरास फिरवितों ऐसी राजांची समजूत, आणि दोन उन्हाळे लेकरूच त्यांस सांभाळीत होतें. मग म्हणाले, "खरं सांगू? मलाही ते खारं वारं सोसत नाही. अंगावर पुरळ येतं. तुला आवडतं म्हणून जात होतो." कन्या हंसूं लागल्या, राजेही हंसले, आणि बुरुजावर रेंज होती म्हणोन राणीसाहेबांस फोन लाविला आणि सर्व सांगितलें कीं आतां समुद्र रद्द, कोणासच नको. पलीकडून राणीसाहेब म्हणाल्या, "कोणालाच म्हणजे? मला फार आवडतो समुद्र. तुम्ही दोघं असलात की माझा सगळा वेळ टॉवेल शोधण्यात जातो. खोली रद्द करू नका. मी आणि लताताई जातो." लताताई म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडाच्या राणी. फोन ठेविला गेला.

त्याप्रमाणें वैशाखांत राणीसाहेब दर्याकिनारीं गेल्या, आणि कन्या गडावरून परतून दिवसा झोपत व सायंकाळीं मैत्रिणींकडे जात, आणि राजे राजधानी व प्रेशर कुकर सांभाळीत राहिले. एके सायंकाळीं राजे वरण ढवळीत असतां, सहज विचारितों ऐसें दाखवून म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्याचं काय?" कन्या दारांत चपला घालीत होत्या. म्हणाल्या, "अजून ठरलं नाही. ठरलं की सांगते." 'विचारते' म्हणाल्या नाहींत, 'सांगते' म्हणाल्या. राजांनी तो शब्द नीट ऐकिला, गॅस बारीक केला आणि म्हणाले, "सांग हं."

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. मोहीम मोडली, फौज फुटली, राजे घमेलीं वाहून पावन जाहले, आणि राज्य होतें तितकेंच राहिलें. फक्त त्याचे दरवाजे आतां आंतूनही उघडतात. अधिक-उणें वाचणारांनी सांभाळून घ्यावें. इति.