मामांचा ट्रेसपास

आमचे मामा कुणाच्याही अंगणात शिरण्याआधी फाटकाशी थांबतात आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "येऊ का? नाहीतं ट्रेसपास होईन!" घरातून "या" आलं, तरी मामा लगेच येत नाहीत. आधी शब्दाची फोड होते.

मामा सुलतानपूरला इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. बाकी सगळी इंग्रजी शाळेत ठेवून, न विचारता दुसऱ्याच्या जागेत शिरणं या अर्थाचा हा एकच शब्द घरी घेऊन आले. "ट्रेस म्हंजे पल्याड, पास म्हंजे जाणं. जुन्या फ्रेंचातून आला. मुळात गुन्हा नाहीच त्याच्यात! नुसतं ओलांडून जाणं. पाप, गुन्हा हे लोकायनं मागून चिकटवलं." हे ते एसटीच्या कंडक्टरला सांगतात, गिरणीवर दळणाला आलेल्या बायकांना सांगतात. मी शेजारी उभा राहून स्वतःच्या पायाचे अंगठे बघत असतो.

परवा एका तेरवीला तर कहर झाला. पंगतीत बुंदी वाढणाऱ्या यजमानाला मामा म्हणाले, "फ्रेंचात याचा अर्थ मरणं बी होते. म्हंजे तुमच्या वडलानं ट्रेसपासच केला!" यजमानाचा हात तसाच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना मी चिडलोच. "मामा, लोक हसतात. काऊन सांगता साऱ्यायले?"

आम्ही त्यांच्या शेताच्या धुऱ्यापाशी, बांधावर आलो होतो. पलीकडे त्यांच्या धाकट्या भावाचं, बंडूमामांचं शेत.

"बंडूनं सोयाबीनची गाडी माह्या वावरातून काढली होती," मामा म्हणाले. "चारचौघात ओरडलो, हा ट्रेसपास आहे! न शिकलेल्या भावावर इंग्रजी झाडली. लोकायनं त्याले अर्थ सांगतला, का भाऊ तुले चोर म्हणते. तवापासून तो नाल्याकडून फेरा घालून जाते. म्हणून सांगत फिरतो. कोणीतरी मूळ अर्थ त्याच्या कानावर घालीन."

धुऱ्यावरचं काटेरी कुंपण मामांनी त्यानंतर गाडी जाईल एवढं मोकळं केलं होतं. त्या जागी गुडघाभर गवत वाढलं होतं.

बंडूमामा पलीकडे विहिरीपाशी मोटरचा पाईप जोडत होते. पाठ आमच्याकडे.

"हे काय, समोरच आहेत. तुम्हीच सांगा."

मामा मोकळ्या जागेपर्यंत गेले. चप्पल काढली, पुन्हा घातली. मग जेमतेम मला ऐकू येईल असं म्हणाले, "येऊ का?"

बंडूमामांनी मान वळवली नाही. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

"मामा, जरा मोठ्यानं म्हणा ना."

"लाज वाटते बे," मामा म्हणाले.