दाऊदचाचांची सिडनी

दाऊदचाचांना सुरी आणि फोर्कने बांगडा खाताना ज्याने पाहिलं नाही, त्याने दुबईत येऊन काहीच पाहिलं नाही, असं मी बेलाशक सांगतो. तसं साठीच्या दशकातल्या त्या दुबईत पाहण्यासारखं होतं तरी काय? एक खाडी, खाडी ओलांडणाऱ्या आब्रा नावाच्या होड्या आणि डोकं फिरवणारं ऊन. त्यात दर शुक्रवारी, दुपारची नमाज आटोपली की, इब्राहिम मलबाऱ्याच्या हॉटेलात हा तमाशा फुकट.

चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. जन्मात माशाशिवाय घास गिळला नसेल. आणि हा माणूस बांगड्याला फोर्क टोचायचा! बांगडा ताटातून उडायचा, भात कोटावर सांडायचा, काटे निघायच्या ऐवजी माशाचाच चुरा व्हायचा. हो, कोटसुद्धा असायचा. त्या उकाड्यात.

"चाचा, अल्लाने हाथ दिया है ना?" इब्राहिम कळवळून म्हणायचा. त्याच्या माशाची दैना त्याला बघवत नसे.

"सिडनीत असं चालत नाही," चाचा शांतपणे म्हणायचे.

हे त्यांचं पालुपद. चहा बशीत ओतला, सिडनीत असं चालत नाही. शेजारच्या टेबलावर कुणी ढेकर दिली, सिडनीत असं चालत नाही. दुबईत येण्याआधी चाचा मोठ्या बोटीवर खलाशी होते आणि त्या बोटीने त्यांना एकदाच, एका दिवसापुरतं, सिडनीत उतरवलं होतं. जगातली पन्नास बंदरं पाहिलेला हा माणूस बोलायचा ते त्या एका दिवसाबद्दल.

मी मालवणचा सावंत. एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट. चाचा आमच्याच बार्जवर मुकादम होते. बोटी तेव्हा लांब समुद्रात नांगर टाकायच्या, त्यांच्यावरचा माल बार्जने खाडीत आणायचा. चाळीच्या खोलीत आम्ही सहाजण, बायकामुलं सगळ्यांचीच गावाकडे. कामाचे दिवस कसेही निघून जात, शुक्रवार मात्र अंगावर यायचा. त्यामुळे "चल रे सावंता, यल्ला, सिडनी दाखवतो," असं चाचा म्हणाले की मी कुरकुरत का होईना, निघायचोच.

मग आब्रात बसून सिडनी सुरू. "ही समज तिथली फेरीबोट. पण पांढरीशुभ्र, आणि कुणी पान थुंकत नाही!" खाडीवर नवा पूल झाला तेव्हा तर त्यांना ऊत आला. "चांगला आहे. पण सिडनीच्या पुलाचं नातवंड शोभेल." पलीकडे उतरून शेळ्या दिसल्या की प्राणिसंग्रहालय. "पोटाला पिशवी, पिशवीत पोर! पोर मोठं झालं तरी आत शिरू बघतं. आम्ही हसून हसून बेजार." मग किनारा. "गोरी माणसं वाळूवर अशी पसरलेली, जसे आपल्याकडे बोंबील वाळत घालतात. आम्ही म्हटलं, यांना घरदार नाही काय?"

"मग चाचा?"

"मग भूक लागली. बंदरावरच्या हॉटेलात गेलो, मासे मागवले."

"आणि मग?"

"मग काय, खलास," म्हणून चाचा उठायचे. सिडनीचा दिवस दर वेळी त्या टेबलापाशीच संपायचा. संध्याकाळ काही व्हायची नाही. हे 'आम्ही' म्हणजे कोण, तेही मी कधी विचारलं नाही. बोटीवरचे दोस्त असतील, म्हटलं.

एका शुक्रवारी चाचांच्या घशात काटा अडकला. डोळे पांढरे, तोंड लाल. इब्राहिमने भाताचा गोळा गिळायला लावला, तेव्हा कुठे श्वास आला. आणि पाणी पिऊन हा माणूस पुन्हा फोर्क उचलतो! माझं डोकंच फिरलं. मी तो त्यांच्या हातातून हिसकावला आणि अख्ख्या हॉटेलसमोर ओरडलो, "पुरे झाली ही थेरं! कोकणातले ना तुम्ही? हाताने खा!"

हॉटेल हसलं. चाचा हसले नाहीत. आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले.

"अगदी असाच," ते हळूच म्हणाले, "मी युसूफच्या हातातून ओढला होता."

"कोण युसूफ?"

"माझा पोर, नुकताच मिसरूड फुटलेला. पहिलीच सफर होती त्याची, माझ्याच बोटीवर. सिडनीत दिवसभर बापाचा हात धरून फिरला. हॉटेलात शेजारच्या गोऱ्यांचं बघून फोर्कने खाऊ लागला. जमत होतं रे त्याला. मला काय झालं, मी ओढून घेतला. म्हटलं, साहेब झालास काय? हाताने खा! तूही हेच म्हणालास आता. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. पोर लालबुंद झाला. म्हणाला, बाबा, तुम्ही व्हा पुढं, मी येतो."

"आणि?"

"बोट सुटली. तो आला नाही."

हिसकावलेला फोर्क अजून माझ्याच हातात होता.

"घरी जाऊन त्याच्या आईसमोर कसा बसू? म्हणून बोट सोडली, इथंच राहिलो. त्या बाजूला जाणारी बोट आली की खलाशांना सांगतो, युसूफ दिसला तर म्हणावं, बाप आता फोर्कने खायला शिकतोय."

मी फोर्क पुसला आणि त्यांच्या हातात परत दिला.

पुढचे कित्येक शुक्रवार मी त्यांच्यासाठी ताट धरून बसायचो, बांगडा निसटू नये म्हणून. इब्राहिमचं कळवळणंही बंद झालं. आणि एका दुपारी चाचांनी सुरी अलगद आत सरकवली, फोर्कने उचललं आणि बांगड्याचा मधला काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा बाहेर आला. एक शीत सांडलं नाही. इब्राहिम गल्ला सोडून धावत आला. "माशाल्ला, चाचा!"

चाचांनी कोट नीट केला आणि दाराकडे पाहिलं.

"आता आला," ते म्हणाले, "तर लाज नाही वाटायची त्याला माझी."